गुन्हेगारी आणि बोंबलांची माळ

एमआरटीत, म्हणजे सिंगापूरच्या मेट्रोत बसलं की समोर चार चित्रं दिसतात. सिगारेटवर काट, खाण्यापिण्यावर काट, पेट्रोलवर काट आणि ड्युरियनवर, म्हणजे इथल्या फणसासारख्या उग्र वासाच्या फळावर काट. पहिल्या तिन्हींच्या खाली दंडाचा आकडा आहे. मला अक्षरं वाचता येत नाहीत, आकडे येतात, त्यामुळे हा देश आपल्यासाठीच बनवलाय असं मला आल्या दिवसापासून वाटत आलंय. पण ड्युरियनच्या खाली आकडाच नाही.

माझ्या नातीला, सईला, मी विचारलं, "ह्याचा दंड किती गो?"

"डोन्ट हॅव, आजोबा. जस्ट कॅनॉट ला."

"दंड नाही ना? मग नेऊया की एक सोलून."

"आजोबा! कॅनॉट मीन्स कॅनॉट! एव्हरीबडी विल लुक अ‍ॅट यू!"

म्हटलं, बरोबर बोललीस बाय. आकडा नसलेला दंड हाच खरा दंड. आधी सगळे तुझ्याकडे बघतील, मग तुझं काय करायचं ते ठरवतील. आम्ही जहाजावर ह्यालाच गुन्हेगारी म्हणायचो. जहाजावर सगळ्यांना मिळून जेवढी गुन्हेगारी बसली नसेल तेवढी मला एकट्याला बसलीय. त्या बाबतीत माझा अनुभव दांडगा आहे. बाकी कशाच्या बाबतीत नाही. मी स्वयंपाकी होतो, पण माझ्या स्वयंपाकाबद्दल कुणी दिवाळी अंकात लिहायला सांगितलेलं नाही.

हे मी बोलतोय आणि लेक लिहून घेतेय. मधेच ती "बाबा, हे नको" म्हणते. जिथे तिने तसं म्हटलंय ते सगळं मी ठेवायला लावलंय.

तर आधी धंदा काय तो सांगतो. सिंगापूरच्या समुद्रात मोठी मोठी जहाजं नांगर टाकून उभी असतात. ती काही पेट्रोल पंपावर रांग लावू शकत नाहीत. म्हणून पंपच त्यांच्याकडे जातो. तेलाने भरलेली छोटी बोट मोठ्या जहाजाला चिकटायची, जाडजूड नळी वर चढवायची आणि तेल पाजायचं. त्या बोटीला बार्ज म्हणतात. त्या बार्जवर मी भंडारी होतो. भंडारी म्हणजे जहाजावरचा आचारी. जहाजावरचं जेवण करायला फार अक्कल लागत नाही, दोन गोष्टी लागतात. एक, भांडं कधी अर्ध्याच्या वर भरायचं नाही, कारण बाजूने मोठं जहाज गेलं की आमटी तुमच्याआधी जेवायला निघते. दोन, जे बिघडलं ते असंच करायचं होतं असं तोंड करून वाढायचं. पहिली गोष्ट मला जमायला वर्षं गेली. दुसरी जन्मजात येत होती.

बोटीवर आम्ही बरेचसे कोकणातले. सगळ्यांच्या वर कॅप्टन. तो इथलाच, चिनी, म्हातारा, वर्षभर सर्दी झालेला. खलाशांचा मुकादम तो सारंग. आमचा सारंग म्हणजे हसनचाचा, दाभोळकडचा, पांढरी दाढी, आवाज बारीक. चाचा कधी ओरडला नाही. तो नुसता म्हणायचा, "गोंद्या, टोपी." एवढ्यावर ह्या गोंद्याचा हात आपोआप डोक्यावर जायचा.

कारण गुन्हेगारीची रीतच तशी होती. रविवारी जेवणं झाली की बोटीच्या मागच्या टोकाला सगळे जमायचे. चाचा रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसायचा. ज्याच्या हातून काही झालं असेल त्याने आपली टोपी काढून डेकवर उलटी ठेवायची आणि तिच्या मागे उभं राहायचं. मग ज्याला त्रास झाला त्याने बोलायचं, बाकीच्यांनी बोलायचं, टोपीवाल्याने शेवटी बोलायचं. मग चाचा त्या माणसाकडे बघत बसायचा. चूक बघायचा नाही, माणूस बघायचा. आणि मग काय ते सांगायचा. मान्य असेल तर टोपी उचलून डोक्यावर घालायची. विषय संपला. सोमवारी कुणी तो काढायचा नाही. काढला तर त्याची टोपी.

ह्या शब्दाने मात्र माझी एकदा चांगलीच जिरवली. लेकीचं लग्न ठरवायला जावयाकडची मंडळी इथे सेरंगूनला त्यांच्या कोंडोत, म्हणजे फ्लॅटवर बसली होती. माणसं पुण्याची, बँकेतली, बोलायला गोड. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "जहाजावर वेळ कसा जायचा तुमचा?" मी खुशीत येऊन म्हटलं, "रविवारी गुन्हेगारी असायची. मी तर कायम त्यात!" विहीणबाईंनी चहाची बशी अशी खाली ठेवली जशी काही ती पुरावा आहे. लेक मला आजही ते ऐकवते. आत्ताही लिहिताना ऐकवलं.

मला वाटायचं चाचानेच हा शब्द चुकीचा धरलाय. पुढे इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत क्लेमेंटी भागातल्या नेनेबाई भेटल्या. त्या वकील आहेत, पण बोलतात साधं. त्यांना मी हे सांगितलं तर त्या प्रसादाची प्लेट धरून उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "काका, शब्द अगदी बरोबर आहे. जुन्या मराठी राज्यात दंडालाच गुन्हेगारी म्हणायचे. भांडण हरलेला माणूस गुन्हेगारी भरायचा. आणि जिंकलेला हरकी द्यायचा."

"जिंकलेल्याने पण द्यायचं?"

"हो. न्याय मिळाला त्याच्या आनंदाचं."

मी म्हटलं, आमचा चाचा हरकी पण घ्यायचा! मला वाटायचं तो लबाडी करतोय.

बाई हसल्या. मग म्हणाल्या, इंग्रजांकडेही असला जुना शब्द होता, अमर्समेंट. त्याचा अर्थ असा की माणूस दयेवर सोडलाय. दर ठरलेला नाही. माणूस बघायचा, त्याची ऐपत बघायची आणि ठरवायचं. पण शेतकऱ्याची शेतीची अवजारं घ्यायची नाहीत आणि व्यापाऱ्याचा माल घ्यायचा नाही, असा त्यात नियम होता. दंड चिमटा काढील एवढाच असावा, माणसाला देशोधडीला लावील असा नको.

मला चाचाची आठवण आली. इंग्रजांचं चाचाला काही ठाऊक नव्हतं. त्याला त्याच्या आजाने सांगितलं होतं, आजा पण सारंग होता. पण नियम तोच. "हत्यार घ्यायचं नाय," चाचा म्हणायचा. माझ्यावरूनच तो नियम आमच्या बोटीवर पहिल्यांदा बोलला गेला. एकदा मी साखर समजून खिरीत मीठ घातलं. डब्यांवर नावं लिहिलेली होती, पण मला काय त्याचं. तेव्हा सदा नावाचा आमचा खलाशी उठून म्हणाला, "ह्याच्या हातातला झारा काढून घ्या आणि ह्याला डेक घासायला लावा." सगळे हो म्हणाले. खरं सांगायचं तर मीही हो म्हटलं असतं, मी ती खीर चाखली होती. पण चाचा म्हणाला, "झारा त्याचं हत्यार. हत्यार काढलंस तर माणूस काय करील? दुसरं काय ते बोला."

दुसरं काय निघालं? तर सकाळी केलेलं जे काही असेल ते सगळ्यांच्या आधी मी स्वतः खायचं. सगळ्यांसमोर उभं राहून, ताट भरून. पहिल्या दिवशीचा माझा उपमा मी खाल्ला आणि तेव्हा मला कळलं की ही माणसं इतकी वर्षं माझ्याशी किती चांगली वागली होती. त्यानंतर माझा हात थोडा सुधारला. भीतीने सुधारतो माणूस.

आणि एकाच चुकीला दोघांना वेगळं. कॅप्टनने फ्रीजरमध्ये ड्युरियन लपवून ठेवला होता, तो मी आणि सदाने मिळून फस्त केला. सदा झोपाळू, त्याला दुपारची झोप बंद. मी बोलघेवडा, मला कॅप्टनच्या शेजारी बसून त्याच्या सर्दीची सगळी हकीकत ऐकायची, मधे न बोलता. सदा म्हणाला, "चाचा, दोघांनी सारखाच खाल्ला, मग दंड वेगळा का?" चाचा म्हणाला, "तुम्ही दोघं सारखे आहात काय?"

आता बोंबलांचं सांगतो. त्यासाठीच एवढा वेळ घेतला, कारण त्यात माझी अक्कल इतकी उघडी पडते की थोडी ओळख आधी झालेली बरी.

शिमगा जवळ आला होता. आमच्यात एक बाळा म्हणून होता, इंजिनात तेलपाण्याचं काम बघायचा. आमच्या बाजूच्या गावचा. शिमग्याला आमच्याकडे देव पालखीत बसून घरोघर येतो. दारात पालखी आली की घरच्या कर्त्या माणसाने ती खांद्यावर घेऊन अंगणात आणायची. बाळाचा बाप आदल्या वर्षी गेला होता. घरात आई एकटी. म्हणजे ह्या वर्षी दारात उभं राहायला बाळा पाहिजे. आई रोज फोनवर एकच विचारायची, "येतंस मा?" आणि बाळा रोज एकच सांगायचा, "येतंय." रजा मंजूर होती, संध्याकाळचं विमान होतं, दुपारी लाँच त्याला न्यायला येणार होती. पालखी दारात यायला मधे एकच दिवस उरला होता. सकाळपासून बाळा इस्त्रीचा शर्ट आणि पांढरे बूट घालून बसला होता. जेवायलाही बसेना, शर्टाला डाग पडेल म्हणून. माझ्या स्वयंपाकाला कुणी दिलेलं सगळ्यात सौम्य कारण.

आता मी काय केलं होतं, तर दोन दिवस आधी टेक्का बाजारात मला ताजे बोंबील दिसले. चाचाला सुका बोंबील भाजून कोकमाबरोबर खायची फार आठवण यायची. म्हटलं आपण वाळवू. पण सिंगापुरात काही वाळत नाही हो. ऊन आहे म्हणेपर्यंत पाऊस. बोंबील दोऱ्याला बांधून मी बोटभर फिरलो. मग धुराड्याच्या मागे मला एक जाळी दिसली. ती रात्रंदिवस हवा आत ओढते. समोर हात धरला तर गार वाऱ्यासारखी हवा हातावरून सूं करत आत जाते. मी म्हटलं, देवा, तूच दिलीस. बोंबलांची माळ मी त्या जाळीवर लावली, वर पत्र्याचा आडोसा केला. जाळी हवा कशासाठी ओढते आणि कुठे नेते, हे मी कुणाला विचारलं नाही. माझ्या आयुष्यात हा प्रश्न मी कुठल्याच बाबतीत वेळेवर विचारलेला नाही.

ती हवा एसीतून सगळ्यांच्या खोल्यांत जात होती.

त्या दिवशी मोठ्या जहाजाला तेल देणं चालू होतं. त्यांचा तपासनीस, एक उंच गोरा, कागदांवर सह्या करायला आमच्या बोटीवर आला. दार उघडून आत आला, थबकला आणि परत बाहेर गेला. मग नाकाला रुमाल लावून म्हणाला, तुमच्या तेलात काहीतरी मेलंय.

कॅप्टनला सर्दी. त्याला कसला वास येतो! त्याने सारंगचाचाला विचारलं, "सारंग, गॉट स्मेल ऑर नॉट?"

चाचाने नाक वर करून हुंगलं. "नो स्मेल, कॅप्टन."

सदाने हुंगलं. "नो स्मेल."

मी तर चांगला छाती भरून श्वास घेतला. "व्हेरी गुड एअर, कॅप्टन!"

आणि आम्ही खोटं बोलत नव्हतो. आम्हाला खरंच वास येत नव्हता. आम्हाला सकाळपासून उगाच बरं वाटत होतं. सदा म्हणत होता, आज भूक का लागतेय एवढी? चाचा म्हणाला होता, आज घरची फार आठवण येतेय. सगळी बोट दाभोळच्या बंदरासारखी घमघमत होती आणि आम्ही आपले खूश.

पण तेलाच्या धंद्यात शंका आली की पंप बंद. कॅप्टनने पंप थांबवला. एकेक टाकी उघडून बघायची, बाटल्यांत नमुने भरायचे, आणि वास सापडेपर्यंत कुणी बोट सोडायची नाही. "नोबडी गो ऑफ! नोबडी!" दुपारी लाँच आली. कॅप्टनने तिला हाताने लांबूनच परत पाठवलं. बाळा बॅग धरून कठड्याला उभा होता. लाँच लहान लहान होत गेली. मग त्याने पांढरे बूट काढले आणि हातात धरले.

वास शोधायला सगळ्यात पुढे मी. बॅटरी घेऊन मी कोपरान् कोपरा हुंगत होतो. कॅप्टन मला शाबासकी देत होता, "सी, कुक व्हेरी हार्डवर्किंग!"

शेवटी बाळाच वर गेला, आईला फोन करायला रेंज मिळेना म्हणून. धुराड्याच्या मागे. थोड्या वेळाने खाली आला तेव्हा त्याच्या हातात माळ होती. बोंबील छान वाळले होते, ते मात्र सांगायला हवं.

"गोंद्या," तो म्हणाला, "ही माळ कुणाची?"

माझा हात टोपीकडे गेला. सदाने माझं तोंड बघितलं आणि तिथेच डेकवर बसला, कपाळ धरून. बाळा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "आयेक काय सांगू?"

कॅप्टनने आपल्या खोलीतून कंपनीची दंडाची यादी आणली. हेल्मेट नसेल तर काय, डेकवर फोन वापरला तर काय, सगळं लिहिलेलं. यादीवर बोट वरून खाली नेलं, खालून वर आणलं. बोंबील कुठे नव्हता.

"आय्या, डोन्ट हॅव," तो म्हणाला. यादी मिटली आणि चाचाला म्हणाला, "सारंग, युअर पीपल, युअर फिश. यू सेटल. इफ दे डोन्ट वॉन्ट हिम, आय सेंड हिम होम."

गुन्हेगारी रविवार सोडून बसली ती तेवढी एकदाच. मी टोपी काढून उलटी ठेवली. चाचा डब्यावर बसला. आज त्याने मला नेहमीसारखं "मेल्या"सुद्धा म्हटलं नाही, तेव्हाच मला कळलं की प्रकरण वाईट आहे.

"बाळा, तू बोल. काय पायजे तुला?"

"माका काय नको चाचा," बाळा म्हणाला. "माका घरी जायचा हाय."

"ते ह्याच्या हातात नाय रे. ह्याच्या हातात काय हाय ते माग."

सदा म्हणाला, "झारा काढून घ्या. आज तरी घ्या! कॅप्टन बोललाय, पाठवून देऊ."

"हत्यार नाय," चाचा म्हणाला.

"मग ह्याची रजा घ्या."

"ह्याची रजा घेऊन बाळा पोचेल काय?"

मी म्हटलं, "चाचा, काय पण सांगा. डेक घासतो, टाकी घासतो, सदाची चड्डी धुतो."

"त्यात तुला काय चावणार? तू ते करताना पण लोकांना हसवशील." चाचा माझ्याकडे बघायला लागला. लांबून एक जहाज गेलं, त्याच्या लाटेने आमची बोट हलली, तरी तो बघतच होता. मग म्हणाला, "बाळा घरी जाऊन परत येईपर्यंत तुझं तोंड बंद. एक शब्द नाय. जेवण झालं की ताट वाजव. आणि सदा बाळाची इंजिनातली पाळी बघेल, त्याच्याकडे त्या कामाचा परवाना हाय. सदाची घासपूस तू कर, मुक्याने."

मी किंचाळलो, "चाचा! तोंड माझं हत्यार आहे!"

"तुझं हत्यार झारा," चाचा म्हणाला. "तोंड ही चैन."

आणि बाळा हसला. दिवसभरात पहिल्यांदा. डोळे पुसत हसला. मी टोपी उचलून घातली आणि तोंड मिटलं.

कॅप्टन दारात उभा राहून बघत होता. त्याने सदाला विचारलं, "व्हॉट ही सेड?" सदाने त्याच्या इंग्रजीत समजावलं. कुक नो टॉक. बाळा गो होम, कम बॅक, देन टॉक.

कॅप्टनने नाक शिंकरलं, विचार केला. "बट बाळा नॉट गोइंग. फ्लाइट गॉन. टुमॉरो ऑल्सो जॉब, शॉर्ट ऑफ मेन. सो कुक शट अप फॉरएव्हर, आह?"

मी तर बोलूच शकत नव्हतो. सगळ्यांना ठाऊक होतं की बाळाला दुसरं तिकीट मिळवून देणं बोटीवरच्या एकाच माणसाच्या हातात आहे, आणि तो माणूस ऑफिसकडे कधी काही मागत नाही. माझी चूक झाली असं तर तो तेलाच्या टाकीत बुडला तरी म्हणणार नाही.

कॅप्टन थोडा वेळ बाळाच्या हातातल्या बुटांकडे बघत राहिला. मग पुढे आला, डोक्यावरची टोपी काढली, आणि आमच्यासारखी उलटी करून डेकवर ठेवली. तिच्या मागे उभा राहिला.

"आय स्टॉप द लाँच," तो म्हणाला.

चाचा डब्यावरून उठला. सारंगाने कॅप्टनला दंड करायचा? चाचाच्या आजानेही केला नसेल. पण टोपी खाली होती. चाचा परत बसला. जसा माझ्याकडे बघत होता तसाच कॅप्टनकडे बघितला. मग एकच शब्द बोलला.

"फोन."

"आय्या सारंग! एनिथिंग बट दॅट ला! आय वॉश डेक, कॅन?"

"डेक वॉश नो पेन, कॅप्टन," चाचा म्हणाला.

म्हातारा टोपी घालून वर गेला. दार उघडंच ठेवलं होतं, आम्ही सगळे जिन्याखाली कान लावून. आधी बराच वेळ तो नुसतं "येस, येस" करत होता. मग आवाज आला, "येस, माय मिस्टेक." आम्ही एकमेकांकडे बघितलं. मग, "नो, नो, नॉट द फ्युएल. फिश." मग थोडं थांबून, मोठ्याने, "आय सेड सॉरी ऑलरेडी, व्हॉट मोर यू वॉन्ट!"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या लाँचने बाळा गेला. कठड्यावरून उतरताना चाचा त्याला म्हणाला, "जिंकलास तू. हरकी ध्यानात ठेव."

"काय आणू चाचा?"

"ते सांगायचं नसतं. तुझं तू ठरव."

मला वाटलं बाळा माझ्याकडे बघणारही नाही. पण लाँच सुटली तसा त्याने मला हात केला. मी झारा हलवला. बोलता येत नव्हतं म्हणून माझ्यातर्फे ताट वाजवलं.

मग ते दिवस. काय सांगू तुम्हाला. मी ताट वाजवायचो, माणसं येऊन खाली मान घालून जेवायची आणि जायची. कॅप्टन म्हणाला, "सो क्वाएट. लाइक हॉस्पिटल." आधी मला वाटलं होतं की शिक्षा मला झालीय. ती सगळ्यांनाच झाली होती. कारण मी बडबड करत असलो की जेवणाकडे कुणाचं लक्ष जायचं नाही. आता प्रत्येकाला चव कळायला लागली. सदा आमटीचा घास घेऊन माझ्याकडे असा बघायचा की मीच मान खाली घालायचो.

मला तर राहवेना. मी थंडीच्या खोलीत जाऊन कांद्यांशी बोलायला लागलो. सदाने ऐकलं आणि चाचाकडे तक्रार केली. चाचाने विचार केला. "कांद्यांशी चालेल," म्हणाला. "ते हसत नाहीत."

असली माणसं आता कुठे भेटतात? चाचा गावी गेला, फोन उचलतो पण कानाने ऐकू येत नाही. आता मी काही चुकलो तर कॅमेरा बघतो आणि फोनवर आकडा येतो. मी माझ्या टोपीसकट तसाच उभा. माझ्याकडे नीट बघून मला चावेल असं काही कुणी शोधून काढत नाही. लेक म्हणते, बाबा, मी करते की. ती करते म्हणा. पण ती घाईत असते.

तर पालखीचा दिवस. आम्ही जेवायला बसलो होतो आणि चाचाचा फोन वाजला. बाळा. चाचाने फोन मिठाच्या डब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर बाळाचं अंगण, ढोल, गर्दी, आणि बाळा, तोच इस्त्रीचा शर्ट, खांद्यावर पालखी. दारात त्याची आई. ती पालखीकडे बघत नव्हती, बाळाकडे बघत होती. आमच्यातल्या एकाचाही घास तोंडात गेला नाही.

पालखी अंगणात टेकली. गुरव गाऱ्हाणं घालायला लागला. आमच्याकडे गुरव देवाला एकेक गोष्ट मागतो आणि सगळ्यांनी मिळून "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. घराची राखण कर, व्हय म्हाराजा. गेलेल्या बापाला सुखात ठेव, व्हय म्हाराजा. ह्या टेबलावरून सदा म्हणत होता, चाचाही म्हणत होता. मी ओठ मिटून.

मग बाळा गुरवाच्या कानात काहीतरी बोलला, एक नारळ त्याच्या हातात दिला आणि फोनकडे बघून म्हणाला, "चाचा, ही माझी हरकी."

आणि गुरव खणखणीत आवाजात म्हणाला, "बा म्हाराजा! शिंगापुराक समुद्रावर तुझो एक भंडारी हाय! त्याची बसलेली वाचा परत येवंदे, त्याच्या हातचो जेवण गोड होवंदे, आणि पुढल्या खेपेक त्याका एसीची जाळी कसली ती कळंदे, म्हाराजा!"

अंगणातली सगळी माणसं ओरडली. टेबलावरचे सगळे ओरडले. आणि मग थांबून सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझंच गाऱ्हाणं आणि माझंच तोंड बंद. बाळा अजून परत आलेला नव्हता. मी चाचाकडे बघितलं. डोळ्यांत पाणी आलेलं, ते आमटीमुळे असं मी दाखवत होतो.

चाचाने दाढी खाजवली. "बोल रे मेल्या," म्हणाला. "देवाच्या कामात गुन्हेगारी नाय."

दोन दिवसांचं तुंबलेलं होतं. मी उभा राहून असा ओरडलो की टेबलावरचे पेले हलले. "व्हय म्हाराजा! व्हय म्हाराजा! आणि आये, त्या जाळीवर बोंबील दोन दिवसांत कडक वाळतात गो, तुझ्याकडचे दोन शेर पाठव बाळाबरोबर, लावतो!"

तिकडे अंगण हसलं. इकडे सदा टेबलावर डोकं आपटून हसला. जिन्यावरून धाडधाड पावलं वाजली आणि कॅप्टन आग विझवायचं नळकांडं घेऊन दारात. "व्हॉट हॅपन? व्हेअर फायर?"

"नो फायर, कॅप्टन," चाचा म्हणाला. "कुक टॉकिंग."

मग तो शांतपणे माझ्याकडे वळला.

"'व्हय म्हाराजा'ची परवानगी होती," म्हणाला. "दोन शेराची नव्हती. गोंद्या, टोपी."